चांदीचे डोळे

परसात शेवगा आहे, मोरी आहे,
दगडी दोणीतलं पाणी मी रोज पालटते.
पलीकडे भिंत. भिंतीपलीकडे पाम बीचचा रस्ता,
तो म्हणे रात्रभर ओरडतो.
ओरडत असेल. माझ्यापर्यंत त्याची थरथर येते फक्त,
फडताळातल्या कपांतून.

फाटक उघडलं हे मला चिमण्या सांगतात.
दाणे टिपता टिपता सगळ्या एकदम उडाल्या
की मी हात पुसते, पदर सारखा करते.
गॅसवाला, नाहीतर नणंद.
नुसत्या माना वळल्या तर मांजर.
साळुंक्यांचं मात्र मी धरत नाही,
त्या उगाच भांडून उठतात.

दर्पणा झाली तेव्हा सासू काहीबाही बोलायची.
ओठांना मिश्री, निम्मं वाचताच यायचं नाही.
बहिरीच्या हाती पोर कशी ठेवायची,
हे मात्र पूर्ण वाचलं.
त्या रात्री साडीचा काठ फाडला,
एक टोक माझ्या मनगटाला, एक तिच्या पायाला.
लाथ बसली की जागी.
चाळीस दिवस म्हणता म्हणता वर्ष गेलं,
अजून कधी झोपेत मनगट ओढल्यासारखं होतं.

तिचं रडणं मी पाहिलंय.
आधी हनुवटी, मग पायाची बोटं,
मग कपाळावर मधोमध एक लाल शीर.
ऐकणाऱ्या आयांना ती शीर ठाऊक असते का?
की त्या आवाजावर धावत येतात
तोवर ती विझलेली असते?

तिचा पहिला शब्द तोंडातून आला नाही.
अंगठा आणि तर्जनी, ओठांपाशी धरून
उघड मीट, उघड मीट. चोच.
शेवग्यावर दयाळ बसला होता.
पोर बोलली हे घरात कुणाला कळलं नाही.
मी एकटीनेच शिरा केला,
हरेशने विचारलं, आज काय?
म्हटलं, रवा जुना होत होता.

पुढे पालकसभेला तिने
हात युनिफॉर्मच्या खिशात घातले.
मी माझे पदराखाली घेतले.
परतताना रिक्षात दोघी गप्प.
म्हणजे खऱ्या गप्प.

मंगळवारी गावदेवीला जाते.
आरतीत सगळ्यांची तोंडं एका लयीत हलतात,
मी खांबाला तळहात लावून उभी.
ढोल खांबातून चढतो, कोपरापर्यंत येतो.
हरेशला वाटतं, मी नवस बोलतेय.
देवी म्हणजे शेंदराचा तांदळा,
वर चिकटवलेले चांदीचे दोन डोळे.
कान कुणी बसवलेच नाहीत.
इतकी वर्षं समोर उभी राहून
हे मला दिसलं नव्हतं!
त्या मंगळवारी मी देवळात पहिल्यांदा
हातांनी बोलले, भर गर्दीत, कोपरं पसरून, मोठ्याने.
काय बोलले ते तिचं माझं.
बाजूच्या बाईने लेकराला मागे ओढलं.

सासू आता ब्याऐंशीची. तिलाही ऐकू येत नाही.
मशीन टोचतं म्हणून उशीखाली ठेवते
आणि माझ्यावर ओरडते, मी ओरडत नाही म्हणून.
दुपारी परसात माझ्या शेजारी बसते.
मिश्री सुटली, दात गेले,
ओठ उघड्या पानासारखे झालेत.
तिला चिमण्यांचं शिकवायला पावसाळा गेला.
माना वळल्या, मांजर. उडाल्या, माणूस.
ती म्हणायची, कसलं गो हे येड.

काल तांदळाच्या कण्या टाकल्या होत्या.
सगळ्या चिमण्या एकदम वर.
मी दोणी घासत होते, पाठमोरी.
पदर ओढला गेला.
वळून पाहिलं तर सासू,
बोट फाटकाकडे, डोळे एवढे मोठे,
आणि ओठांवर पूर्ण वाक्य:
बाय, कोन तरी आयलंय.

फाटकात दर्पणा होती.
एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात पिशवी,
बोलायला हातच मोकळा नव्हता.
मी आधी पिशवी घेतली.